संत्र्याची साल, क्रीम चीज आणि चौदा अंकी नंबर

पतसंस्थेतली माझी बावीस वर्षांची नोकरी सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. आमची शाखाच बंद झाली. पहिला महिना दिवाळीच्या आवराआवरीत गेला. पुढे काय करायचं हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारत नव्हतं, पण मला तो सकाळी चहा ठेवतानाच गाठायचा. त्यानंतर जे घडलं ते तारखांसकट लिहून ठेवते आहे. घरून काहीतरी भाजून विकावं असं वाटणाऱ्या आणि ओव्हनपेक्षा सरकारी अर्जालाच जास्त घाबरणाऱ्या बायका माझ्या ओळखीत बऱ्याच आहेत. त्यांच्या उपयोगी पडावं.

भाऊबीज ३ नोव्हेंबरला, रविवारी होती. माझी भाची अमेरिकेतल्या सान होजेहून आली होती. दुपारी तिने आमचा जुना ओटीजी, म्हणजे घरगुती छोटा ओव्हन, पुसून काढला, फ्रिजमधली दोन संत्री घेतली आणि तासाभरात एक ट्रे भरून कुकी बार केले. तिकडे याला बार म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर कुकीच्या पिठाच्या थापून भाजलेल्या वड्या. एकेक गोल कुकी वळत बसायचं नाही. सगळं पीठ टिनात पसरायचं, भाजायचं, वर क्रीम चीजचा (लोण्यासारख्या मऊ चीजचा) थर द्यायचा आणि वड्या पाडायच्या. वरच्या थरात संत्र्याची किसलेली साल होती. चावा घेतला की दाताचा ठसा तसाच राहायचा, एक कण खाली पडायचा नाही. नानकटाई खाऊन वाढलेल्या माझ्या जिभेला बिस्किटाच्या पिठातून असं काही निघतं हे नवीन होतं.

एक गोष्ट मी तेव्हा पाहिली, पण तिचा अर्थ मला दीड महिन्याने लागला. वड्या भाजत असताना भाची घड्याळाकडे पाहत नव्हती. ओटीजीच्या काचेसमोर उकिडवी बसून होती.

दुसऱ्या दिवशी ती गेली. माझ्या हातात उरली फोनवर आलेली पाच ओळींची कृती: एक स्टिक बटर, दीड कप मैदा, पाऊण कप साखर, ३५० डिग्री, वीस मिनिटं.

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती २० नोव्हेंबरला. मत देऊन आले आणि पहिला ट्रे लावला. स्टिक म्हणजे किती हे मी अंदाजाने ठरवलं. (ती ११३ ग्रॅमची असते.) मैदा चहाच्या मगने दाबून भरून घेतला. ३५० डिग्री फॅरनहाइटमधले, म्हणजे आपले साधारण १७५, एवढं मात्र माहीत होतं. वीस मिनिटांनी वरचा रंग पांढुरकाच दिसला म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवलं. बाहेर आली ती सुरीने न कापली जाणारी लादी. मुलाने चहात बुडवून खाल्ली आणि चांगली आहे म्हणाला. मला रडू आलं. त्या दिवशी ते लादीपुरतं नव्हतं.

२४ तारखेच्या रविवारी दुसरा प्रयत्न केला. आधी शनिवारी नागपूरच्या बर्डी बाजारातून ५५० रुपयांचा डिजिटल काटा आणला, आणि या सगळ्या काळातला हा सर्वांत चांगला खर्च ठरला. एकच कप मैदा भुरभुरून भरला तर १२० ग्रॅम भरतो आणि दाबून भरला तर १५० च्या वर जातो. दीड कपात पन्नासेक ग्रॅमचा फरक पडतो, आणि तेवढ्याने वडीचा दगड होतो. त्यानंतर मी कपाला हात लावलेला नाही.

वजनाने घेतल्यावर वड्या बऱ्या झाल्या, पण वरचा थर वाहून गेला. बटर, क्रीम चीज, साखर आणि दोन मोठे चमचे संत्र्याचा रस, सगळं एकत्र घालून दहा मिनिटं फेटलं होतं. जितकं फेटावं तितकं पातळ होत गेलं आणि पातळ झालं म्हणून मी आणखी फेटत राहिले. साखरही घरच्या मिक्सरमधली पिठीसाखर होती, ती जिभेला कचकच लागत होती. भाचीला रात्री फोन केला. तिच्याकडे सकाळ होती.

"मावशी, चीज आधी नाही घालायचं गं. बटर आणि आयसिंग शुगर आधी फेट, मस्त फुलू दे. चीज फ्रिजमधून काढून थंडच घाल, शेवटी, आणि एकजीव झालं की लगेच थांब."

"आणि रस किती?"

"रस? मी कुठे घातला होता रस? नुसती साल होती."

क्रीम चीजमध्ये पाणी बरंच असतं. साखरेबरोबर ते जास्त वेळ फेटलं की त्याची बांधणी सुटते आणि पाणी मोकळं होतं. वरून रस म्हणजे आणखी पाणी आणि आंबटपणा. हे कळलं तरी माझं मन रस सोडायला तयार नव्हतं. नागपुरात राहून संत्र्याचा पदार्थ करायचा आणि रस घालायचा नाही, हे पटत नव्हतं. म्हणून १ डिसेंबरला मी चीजऐवजी घरचा चक्का घेऊन पाहिला, त्यात थोडा रस घातला. चव छान आली, पण ते संत्र्याचं श्रीखंड झालं. वडीवरून संध्याकाळपर्यंत घसरलं. ८ डिसेंबरला पुन्हा क्रीम चीज घेतलं, भाचीच्या क्रमाने फेटलं आणि एकच चमचा रस शेवटी घातला. थर उभा राहिला. मी खूश होऊन झाकण लावलं आणि ट्रे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला.

सकाळी सासूबाईंना एक वडी दिली. त्यांनी अर्धी खाल्ली आणि उरलेली बशीत ठेवली.

"कडू लागते."

मी खाऊन पाहिली. खरंच, गिळल्यावर घशाशी कडवटपणा राहत होता. आदल्या संध्याकाळी तो नव्हता.

"रस घातलास ना?" त्या म्हणाल्या. "संत्र्याचा रस काढला की प्यायचा. ठेवला की कडू होतो. इतकी वर्षं नागपुरात काढलीस, तुला ठाऊक नाही होय?"

ठाऊक होतं. उन्हाळ्यात ठेल्यावर रस पिताना आपण समोर काढून घेतो, काढून ठेवलेला घेत नाही, ते यासाठीच. नागपुरी संत्र्याच्या रसात काढल्यावर हळूहळू लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होत जातं, अख्ख्या फळात ते चवीला जाणवत नाही. रसाच्या ग्लासाशी जोडलेलं हे ज्ञान मी क्रीमच्या वाटीशी जोडलं नव्हतं. त्या दिवसापासून रस बंद आणि फक्त साल.

सालीचं शिकायला आणखी दोन आठवडे गेले. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. खायला सोपी म्हणून तर ते फळ लोकांना आवडतं. पण किसायला गेलं की ती किसणीखाली सरकते, दबते, आणि नारिंगी कणांबरोबर आतला पांढरा भागही निघतो, जो कडू असतो. गोकुळपेठेच्या बाजारात एका ठेलेवाल्याला मी विचारलं, कडक सालीचं आहे का. तो म्हणाला, "खाऊन राहिले का किसून राहिले ताई? किसायचं असन तर हे घ्या, याची साल नाही सुटली अजून." आणि ढिगाऱ्यातून दाबून दाबून सहा निवडून दिली. फळ लहान होतं, देठापाशी हिरवट झाक होती. ती मी दोन तास फ्रिजमध्ये ठेवली आणि धुऊन, पुसून, सोलण्याआधी अख्खीच किसली. बारीक किसणीवर एका जागी एकदाच, फळ फिरवत. पांढरं दिसलं की पुढे सरकायचं. एका संत्र्याचा किस जेमतेम एक चहाचा चमचा भरतो.

हा किस मग साखरेत घालून बोटांनी चोळायचा. ही पायरी कृपया गाळू नका. तीनचार मिनिटं चोळत राहिलं की साखर ओलसर होते, भिजल्या वाळूसारखी गोळा धरते, तिला फिकट केशरी रंग येतो आणि अख्खं स्वयंपाकघर संत्रं सोलल्यासारखं घमघमतं. सालीतलं तेल साखरेने ओढून घेतलेलं असतं. बोटांना तो वास रात्री झोपेपर्यंत राहतो. वास जास्त करून सालीत असतो आणि रसात मुख्यतः गोडवा-आंबटपणा, हे मला त्या साखरेने शिकवलं. थोडा आंबट ठसका हवा म्हणून मी अर्ध्या कागदी लिंबाची सालही घेते, पण ती फारच हलक्या हाताने. तिची साल पातळ असते, लगेच पांढरं लागतं.

आता भाजण्याकडे येते, कारण तिथे माझी सर्वांत मोठी चूक होत होती. १५ डिसेंबरच्या आधी ३५० रुपयांचा ओव्हन थर्मामीटर मागवला. ओटीजीच्या बटणावर १७५ लावलं आणि आतला काटा २०५ वर गेला. म्हणजे इतके दिवस मी तीस अंश जास्तीवर भाजत होते. आता मी बटण १५० च्या जरा खाली ठेवते आणि वीस मिनिटं आधी तापवते. तुमच्या ओटीजीचा आकडा वेगळा असेल. तो एकदा मोजल्याशिवाय कोणाच्याही कृतीतली मिनिटं तुमच्या कामाची नाहीत.

तरीही १५ तारखेच्या वड्या जरा कोरड्याच झाल्या. २२ डिसेंबरला, रविवारी, मी घड्याळ दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं आणि काचेसमोर बसले. आधी बटर वितळून सगळा पृष्ठभाग तेलकट चमकतो. मग ती चमक कडेकडून मध्याकडे विरत जाते. कडा टिनापासून केसभर सुटतात आणि तेवढ्याच सोनेरी होतात. मधला भाग फुगलेला, फिकट, आणि टिन हलवला तर किंचित थरथरणारा असतो. माझ्या सगळ्या स्वयंपाकाच्या सवयीप्रमाणे ती वडी कच्ची होती. बोटाने हलकेच दाबलं तर खळगा राहिला. आणि मी टिन बाहेर काढला. हात थरथरत होता हे खरं आहे. तापल्या टिनात ती पुढे दहा मिनिटं शिजतच राहते. बाहेर काढतानाच ती पूर्ण झालेली असेल तर थंड होईपर्यंत ती जास्त झालेली असते. तासाभराने मध्यातून कापली. दाताचा ठसा राहिला. भाऊबीजेनंतर पहिल्यांदा.

घड्याळ पाहिलं असतं तर अठरा-एकोणीस मिनिटं झाली असतील.

माझ्या वहीतलं आजचं प्रमाण नऊ इंची चौकोनी टिनाचं, सोळा वड्यांचं आहे. बिनमिठाचं बटर ११५ ग्रॅम, साखर १५० ग्रॅम आणि तिच्यात चोळलेली एका संत्र्याची साल. एक अंडं आणि एक जास्तीचा पिवळा बलक. मैदा १९० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर एक चमचा, बेकिंग पावडर पाऊण चमचा, मीठ पाव चमचा, थोडा व्हॅनिला. चमचे सगळे चहाचे. बटर-साखर दोन मिनिटंच फेटायची. फार हवा भरली तर वडी केकसारखी होते. मैदा घातल्यावर फेटणं बंद, कालथ्याने एकत्र करायचं. वरच्या थराला बटर ५५ ग्रॅम, आयसिंग शुगर १८० ग्रॅम, थंड क्रीम चीज ११५ ग्रॅम आणि आणखी एका संत्र्याची व अर्ध्या लिंबाची साल. थर लावायचा तो वडी पूर्ण गार झाल्यावरच. खारं टेबल बटर चालवून पाहिलं. वड्यांमध्ये मीठ गाळलं तर निभतं, वरच्या थरात मात्र खारट लागतं.

संक्रांत १४ जानेवारीला होती. आमच्या स्कीममध्ये, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, तिळगूळ द्यायला गेले तेव्हा प्रत्येक घरी दोन वड्याही दिल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या एक ताई सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात आहेत. चार दिवसांनी त्यांनी घरी येऊन विचारलं, महिला दिनाला साठ वड्या कराल का? पैसे देऊ, पण कार्यालयाला बिल लागेल आणि डब्यावर अन्न नोंदणीचा नंबर लागेल. अंडं नको.

मी हो म्हणाले आणि त्या गेल्यावर दार लावून बराच वेळ तशीच उभी राहिले.

नोंदणीची चौकशी सुरू केली. एका ओळखीच्यांनी सांगितलं, एजंटला गाठा, दोन हजार घेतो. इंटरनेटवर शोधलं तर सरकारीच वाटाव्यात अशा खासगी वेबसाइट आधी समोर येतात, त्यावर नंबर टाकला की फोनवर फोन सुरू होतात. माझ्या बाबतीत हेच झालं, दोन दिवस फोन बंद ठेवावा लागला. खरं पोर्टल एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं आहे, त्याचं नाव फॉसकॉस. मी अर्ज केला तेव्हा, जानेवारी २०२५ मध्ये, वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर परवाना लागत नव्हता, साधी नोंदणी पुरत होती. तिचा अर्ज म्हणजे फॉर्म ए, आणि फी तेव्हा वर्षाला १०० रुपये होती. मी एका वर्षाची घेतली.

२० जानेवारीला, सोमवारी दुपारी अर्ज भरायला बसले. राज्य, व्यवसायाचा प्रकार म्हणून छोटा उत्पादक, पदार्थाच्या वर्गात बेकरी. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा, स्वच्छतेच्या अटी पाळेन असं स्वतःचं घोषणापत्र. सव्वा तास लागला, त्यातला अर्धा तास फोटोचा आकार कमी करण्यात गेला. पैसे ऑनलाइन भरले, अर्जाचा क्रमांक आला. तो मी वहीत लिहिला आणि फोनवर स्क्रीनचा फोटोही काढून ठेवला. तुम्हीही ठेवा, पुढे प्रत्येक वेळी तोच लागतो.

नियमाप्रमाणे अर्ज पोचल्यावर सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण लेखी देऊन नाकारायची किंवा पाहणीची नोटीस काढायची. सातव्या दिवशी, २७ तारखेला, अर्ज माझ्याकडे परत आला. माझ्या आधार कार्डावर अजून जुन्या घराचा पत्ता होता आणि अर्जात सध्याच्या फ्लॅटचा. चूक माझीच होती. बावीस वर्षं लोकांच्या केवायसीचे कागद मी तपासले, आणि स्वतःचा पत्ता बदलायचा राहून गेला होता. घराचं वीजबिल यांच्या नावावर आहे. यांच्याकडून साध्या कागदावर संमतीपत्र लिहून घेतलं, की या जागेत पत्नी खाद्यपदार्थ करणार आहे व माझी हरकत नाही. सही करताना यांनी चष्मा लावून सगळं दोनदा वाचलं, मग म्हणाले, "मी भांडी घासायला आहेच, तेही लिहू का?" वीजबिल आणि संमतीपत्र जोडून त्याच रात्री अर्ज पुन्हा पाठवला.

मग नुसती वाट. रोज सकाळी उघडून पाहायचे. घरी पाहणीला कोणी आलं तर म्हणून मी ओट्यावरची जुनी डब्यांची रांग बदलली, मैदा-साखरेला झाकणाचे नवे डबे घेतले, ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्याला झाकण आणलं. कोणी आलं नाही. पण ती आवराआवर करायलाच हवी होती. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी, ५ फेब्रुवारीला, प्रमाणपत्र पोर्टलवर आलं. त्यावर चौदा अंकी नोंदणी क्रमांक आणि माझं नाव. सोळा दिवस आणि शंभर रुपये. प्रिंट काढून स्वयंपाकघरात दर्शनी लावली, ती लावावीच लागते.

आता बिनअंड्याची वडी. पहिल्यांदा वाटलं, अंडं घातलं तरी वड्या शाकाहारीच ना, आपल्याकडे पुष्कळ घरी अंडं चालतं. पण लेबलच्या नियमात अंडं असलेला पदार्थ मांसाहारी धरतात. चौकोनातलं हिरवं वर्तुळ लावता येत नाही, चौकोनातला तपकिरी त्रिकोण लावावा लागतो. कार्यालयात तर अंडं नकोच होतं. फेब्रुवारीचे तीन रविवार यात गेले. नुसतं दूध घालून वडी भुसभुशीत झाली. कंडेन्स्ड मिल्क घालून फार गोड आणि चिकट. शेवटी घट्ट दही साठ ग्रॅम, दूध एक मोठा चमचा आणि सोबत पाव चमचा खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर तेवढीच. हिला अंड्याच्या वडीपेक्षा दोन मिनिटं जास्त लागतात आणि मध्यातला थरथराट कमी दिसतो, चमक गेली की काढायची. अंड्याच्या वडीचा चिवट मऊपणा यात नाही. तो येतो असं मी कोणाला सांगणार नाही. पण ही दुसऱ्या दिवशीही मऊ राहते.

आंबिया आणि मृग हे संत्र्याचे दोन बहार, म्हणजे हंगाम. तोवर बाजारात आंबिया बहाराची फळं संपून मृगाची आली होती. माझ्या जिभेला मृगाचं संत्रं जास्त गोड लागतं. सालीला मात्र तितकाच वास होता.

लेबल इतवारीत छापून घेतलं, शंभर नगांना १८० रुपये. पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बॅच, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ती तारीख, नाव-पत्ता, हिरवं चिन्ह, एफएसएसएआयचं बोधचिन्ह आणि नोंदणी क्रमांक. गहू व दूध आहे हे वेगळ्या ओळीत, कारण ते काहींना सोसत नाही. घटकांचा क्रम लावताना मला कळलं की माझ्या वडीत मैद्यापेक्षा साखर जास्त आहे, थरातली धरून. छापताना साखर पहिली आली. ते वाचून मी थोडी थांबले. पण जे आहे ते आहे, तसंच छापलं.

महिला दिन ८ मार्चला, दुसऱ्या शनिवारी येत होता. कार्यालयाला सुट्टी, म्हणून कार्यक्रम शुक्रवारी ७ तारखेला ठेवला. ओटीजीत एका वेळी एकच टिन मावतो, आणि मी प्रत्येकी ४२० रुपयांचे दोन टिन घेतले होते. ५ तारखेला रात्री चार ट्रे एकामागून एक भाजले. तिसऱ्याच्या वेळी वीज गेली. टिन आत जाऊन बारा मिनिटं झाली होती. मी दार उघडलं नाही, हात जोडून तशीच बसून राहिले. सात मिनिटांनी वीज आली, आणि तो ट्रे पुढे पाच मिनिटांत झाला. चारांत तोच सर्वांत मऊ निघाला, का ते मला अजून नीट सांगता येत नाही.

६ तारखेला संध्याकाळी थर लावले. फ्रिजमध्ये चार ट्रे बसवायला भाजी, दूध, इडलीचं पीठ सगळं शेजारी पाठवलं. ही गोष्ट आधी मोजून ठेवा, मी ऐनवेळी धावले. शुक्रवारी सकाळी सहाला उठून वड्या पाडल्या. सुरी गरम पाण्यात बुडवायची, कोरडी पुसायची, एक सरळ काप, पुन्हा पुसायची. न पुसता दुसरा काप दिला की तळाचे कण पांढऱ्या थरावर ओढले जातात. चौसष्ट वड्यांतल्या साठ डब्यांत गेल्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यातच दुपारी पारा पस्तिशीकडे जातो. क्रीम चीज अशा हवेत तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये. औषधाच्या दुकानातून थर्माकोलची पेटी मागून आणली, तळाला आणि वर गोठवलेली जेल पाकिटं, मध्ये डबे. ऑटोने मी स्वतः गेले, जाऊन-येऊन १६० रुपये. तिथे पेटी फ्रिजजवळ ठेवून घेतली आणि ताईंना सांगितलं, भाषणं झाल्यावर काढा, आधी नको. भाषणं लांबली. दीड तास मी बाहेरच्या बाकावर बसून होते.

हिशेब असा. साठ वड्या चाळीसने, २४०० रुपये, चेक दहा दिवसांनी आला. चार ट्रेचं सामान, वीज आणि डबे मिळून ९६०, लेबल १८०, ऑटो १६०. हातात अकराशे. काटा, थर्मामीटर, टिन आणि १५०० चा हातमिक्सर मिळून ३२४० गुंतलेत, बिघडलेल्या ट्रेंचे साधारण ११५०, नोंदणीचे १००. म्हणजे मी अजून तीन हजारांहून जास्त मागे आहे. कोणी पहिल्या महिन्यात कमाई होते म्हणाली तर तिची वही मागून पाहा.

तेव्हापासून दोन छोट्या मागण्या झाल्या, दोन्ही शेजारच्याच. मार्चअखेर मी नवीन घेणं थांबवलं. एप्रिल-मेच्या नागपुरात हा थर दारापर्यंतही धड जात नाही, आणि खराब झालेलं कोणाच्या पोटात जाण्यापेक्षा नाही म्हटलेलं बरं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आंबियाची फळं येतील तेव्हा पुन्हा सुरू करेन. नोंदणीची मुदत फेब्रुवारी २०२६ मध्ये संपते, त्याआधी नूतनीकरण करायचं हे कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलंय. आधारवरचा पत्ताही बदलून घेतला.

बाजारातली शेवटची बरी संत्री आणून परवा दुपारी सगळ्यांची साल किसली. सासूबाईंनी साखर चोळून दिली, त्यांची बोटं माझ्यापेक्षा सावकाश चालतात आणि साखर जास्त केशरी होते. चार छोट्या डब्या भरल्या. झाकणावर तारीख घालून फ्रीझरच्या मागच्या कोपऱ्यात ठेवल्या आहेत.